निर्जन ठरलेल्या गावची पळण

एका राज्यात एक राजा होता, एक मांत्रिक होता आणि एक मुद्रा होती. राजाचं नाव सुलक्षण, मांत्रिकाचं नाव मेघांबर, मुद्रेचं नाव तथास्तु. मुद्रेचा गुण असा, की ती उठवून जे म्हणावं ते खरं होई. सकाळी मुद्रा उठली की दुपारपर्यंत डोंगर सरकलेला असे.

राजा वाईट होता का? नव्हता. वाईट राजा एक वेळ परवडतो, त्याची तलवार येताना तरी दिसते. हा चांगला होता. सात मजली मनोऱ्यावर बसून दिवसभर प्रजेचं भलं चिंतायचा. खाली मात्र उतरत नसे. खाली काय चाललंय ते त्याला एक घार सांगे. तिला वाचा होती, दरबारात मान होता, बसायला सोन्याची दांडी होती. जमिनीवर उतरायची तिचीही रीत नव्हती.

त्या राज्याची नदी गावागावांतून वाहत राजधानीला पोचायची. एके दिवशी मेघांबर म्हणाला, "महाराज, वाटेत गावं हिचं पाणी पितात, गुरं धुतात. आपल्यापर्यंत नदी उष्टी होऊन येते."

"मग काय करावं?"

"मी ती सांभाळून ठेवतो."

त्यानं मंत्र म्हटला, नदी उचलली आणि एका घागरीत कोंडली. पात्रात नुसते गोटे राहिले. आता ही घागर ओतायची कुठं? दोन डोंगरांच्या मधे एक खोलगट खोरं होतं. तिथं ओतली तर मोठं तळं होईल, राजधानीला पिढ्यान् पिढ्या पुरेल.

राजानं विचारलं, "त्या खोऱ्यात माणसं राहतात का?"

विचारलं हं त्यानं. खोटं कशाला बोला? पण विचारलं ते घारीला.

त्या खोऱ्यात सोनकुसळ नावाचं गाव होतं. तिथं काळ्या कुसळाचा वासाचा तांदूळ पिके. आणि त्या गावाची एक रीत होती. काही वर्षं गेली की ग्रामदेवीला कौल लावायचा. देवीनं कौल दिला की गावानं गाव सोडायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा घेऊन ओढ्यापलीकडच्या माळावर जाऊन राहायचं. घरांची दारं उघडी टाकायची. मागं वळून बघायचं नाही आणि परत येईपर्यंत गावाचं नाव तोंडातून काढायचं नाही. ह्याला पळण म्हणत. माणसांच्या पायाखाली राहून गाव दमतं, त्यालाही विसावा हवा, असं म्हातारी माणसं सांगत.

पळणीचा ढोल वाजवायचा मान आनसाबाईच्या घराण्याचा. आनसाबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. खरं बोलायची, आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. तिच्या ढोलाचा एक ठेका होता: दोन जड, एक हलका, मग जरा थांबायचं. हा ठेका ज्याच्या कानात पडला त्याला घरात थांबता येत नसे, मग तो गावचा मुखिया गावकार असो की पाहुणा. एकदा माळ्यावर लपलेला चोरसुद्धा चोरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन मुकाट लोकांबरोबर चालू लागला होता. फक्त एक ठार बहिरा कोष्टी मागं राहिला. त्याला काही कळलंच नाही, तो विणत बसला.

तर घार खोऱ्यावर आली ती नेमकी पळणीत. वरूनच तिला माळावरची माणसं दिसली. घिरट्या घालत ती ओरडली, "ए बाई! तुम्ही कुठले?"

आनसाबाई भाकऱ्या भाजत होती. तिची लेक सुंदरा त्याच सकाळी तिथंच, गाडीच्या आडोशाला, बाळंत झाली होती. पण रीत ती रीत.

"कुठले नाही आम्ही," आनसाबाई म्हणाली.

"म्हणजे? गावाला नाव नाही?"

"आहे. तुला सांगायचं नाही."

"मग इथं काय करता?"

"डोळे फुटले का? भाकऱ्या भाजतोय. ये खाली, देते एक. खाऊन बघ, मग विचार."

घार काही उतरली नाही. परत गेली आणि राजाला म्हणाली, "महाराज, खोऱ्यात घरं आहेत, पण दारं सताड उघडी. धूर नाही, कोंबडं नाही, कुत्रं नाही. ओढ्यापलीकडे थोडी माणसं दिसली. ती म्हणतात, आम्ही कुठलेच नाही."

शब्दन् शब्द खरा होता! आणि त्या खऱ्या शब्दांवर मेघांबरानं मुद्रा उचलली, म्हणाला, "सोनकुसळ निर्जन," आणि ठप्पकन उठवली.

इकडे पळण संपली. देवीनं कौल दिला, गाव परत फिरलं. सुंदरानं बाळ पदरात घेतलं, आनसाबाईनं चूल पेटवली. लाकडं जळाली, भाकरी फुगली, धूर काही निघेना. पणती लावली, ज्योत डोलली, भिंतीवर उजेड पडेना. आनसाबाईचा कोंबडा तुर्रेबाज, बोलका होता तो, कौलावर चढून छाती फुगवून आरवला आणि गोंधळून खाली आला.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "मी आरवलो का?"

"आरवलास की मेल्या. कान किटले."

"मग डोंगरानं उत्तर का दिलं नाही? माझ्या लहानपणापासून देतो तो!"

 तेवढ्यात येसू कासारीण आली. डोंगरापलीकडच्या गावची ती, दर सणाला सोनकुसळीत बांगड्या भरायची. आनसाबाईच्या ओट्यावर टोपली उतरवून तिनं घरात डोकावलं.

"ये गं येसू," आनसाबाई म्हणाली, "बघ, नातू झाला."

येसू तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला बघत नव्हती. सुंदरानं बांगड्यांसाठी हात पुढं केला. येसूनं त्या हातातून आरपार चुलीकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

"दवंडी खरीच म्हणायची," ती एकटीच बोलू लागली. "गेली माणसं कुठंतरी. पौर्णिमेचा चंद्र वर आला की डोंगरावरची घागर कलंडणार आणि हे सगळं पाण्याखाली जाणार. राजाच्या शब्दाशिवाय ती घागर कुणाचं ऐकत नाही म्हणे. किती जेवले गं मी ह्या ओट्यावर!"

"अगं बये, आम्ही आहोत!" आनसाबाई तिच्या कानाशी ओरडली. वेशीपर्यंत ऐकू जाणारा तो आवाज येसूच्या केसालाही लागला नाही. सुंदराचं पोर घाबरून टाहो फोडून रडायला लागलं.

"किती शांत झालंय गाव," येसू म्हणाली. तिनं बाळलेण्याच्या दोन काळ्या बांगड्या ओट्यावर ठेवल्या, मेलेल्यासाठी फूल ठेवावं तशा, आणि ती निघून गेली.

 जिवंतपणी आपल्यासाठी कुणी रडताना बघणं म्हणजे काय, ते ज्यानं बघितलं त्यालाच कळे.

शेवटी गावकार म्हणाला, "आपण निघून जाऊ. दुसऱ्या गावी आसरा मागू."

"मागा की," आनसाबाई म्हणाली. "दिसणार कुणाला? ऐकणार कोण? दारात उभं राहून वाळून जाल. मी राजाकडे जाते."

"आणि राजाला तू दिसणारेस वाटतं?"

"पूर्वी दिसत होते का? मग!"

तिनं तुर्रेबाजाला काखेत मारलं आणि ती चालू लागली.

राजधानीच्या वेशीशी एक सुबक घर होतं. लाल कौलं, नक्षीची खिडकी. खिडकीत एक धनगर उभा होता, गुडघ्यापर्यंत जमिनीत रुजलेला. पायांना मुळं फुटली होती.

"राम राम, माय," तो म्हणाला. "कोंबडा छान आहे."

आनसाबाई दचकली. "तुला मी दिसते?"

"दिसणार नाही तर. मुद्रेचा फटका ज्याला बसलाय, त्याला दुसरा फटका बसलेला दिसतो. माझं नाव खेमा. मी इथून मेंढरं घेऊन चाललो होतो, तेवढ्यात राजाला आमची दया आली. म्हणाला, भटक्यांना घर असावं, त्यांनी स्थिर व्हावं. मुद्रा उठली. घर डोक्यावर उभं राहिलं आणि मी स्थिर झालो."

"आणि मेंढरं?"

"ती चाऱ्याच्या मागं गेली. शहाणी आहेत." खेमा हसला, पण डोळे हसले नाहीत. "लोक येतात, घर बघतात, राजाला दुवा देतात. मी ओरडतो ते त्यांना आनंदाचं वाटतं."

"अगागा!" तुर्रेबाज म्हणाला. "मी स्वतःला दुर्दैवी समजत होतो."

खेमा वाकून हळूच म्हणाला, "ऐक माय. मुळं फुटल्यापासून मला जमिनीतलं ऐकू येतं. मनोऱ्याच्या पायातला दगड रोज पुटपुटतो. तो म्हणतो, मुद्रा फुटायला तीन गोष्टी लागतात. ज्या गावावर मुद्रा उठली त्याचा घास राजाच्या तोंडात पडावा. त्या गावची हाक राजाच्या कानात पडावी. त्या गावची माती राजाच्या पायाला लागावी, आणि ती त्यानं आपण होऊन लावून घ्यावी. आजवर कुणाला जमलं नाही."

"कुणी गेलं होतं का?"

"गेले होते पुष्कळ. राजाला दिसले नाहीत."

आनसाबाई सरळ राजवाड्यात शिरली. पहारेकऱ्यांच्या मधून गेली, न दिसण्याचा एवढा एक फायदा. पहिल्या मजल्यावर मेघांबर मुद्रा मांडीवर घेऊन बसला होता. प्रजेच्या कटकटीनं मंत्रात चूक होते म्हणून त्यानं दोन्ही कानांत कापूस कोंबला होता. आनसाबाईनं त्याच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला.

"डास फार झाले," मेघांबर म्हणाला आणि त्यानं पाठ खाजवली.

सातव्या मजल्यावर राजा जेवायला बसला होता. समोर सोन्याचं ताट, ताटात वरण, भाजी, तूप आणि मधोमध मोकळी जागा. आचारी पळी घेऊन उभा होता.

"आजही भात नाही?" राजा म्हणाला.

"महाराज, शपथ घेतो, आत्ताच वाढला! कोठारात कणगी रिकामी दिसते, पण उचलायला गेलं तर चार माणसं लागतात. वास येतो. तांदूळ दिसत नाही."

आनसाबाईला मात्र तो भात दिसत होता. तिनं वास घेतला. काळी कुसळ! त्यांच्याच शेतातला तांदूळ. गाव निर्जन ठरलं तेव्हा गावचा दाणाही नाहीसा ठरला होता. हा बाप्पा जन्मभर सोनकुसळीचा भात जेवत आला आणि सोनकुसळीत माणसं राहतात का ते घारीला विचारतो!

ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. ताटातला भात तुपात कालवला, आणि राजानं काही बोलायला तोंड उघडल्याबरोबर घास आत कोंबला.

राजाचे डोळे विस्फारले. त्यानं चावला, गिळला. रिकाम्या ताटाकडे बघत राहिला.

"मी आत्ता काय खाल्लं?" त्यानं विचारलं. मेघांबराला बोलावणं गेलं. तो कानातला कापूस काढून वर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शुभचिन्ह आहे महाराज. देवच भरवतात." मग कापूस परत घालून खाली गेला.

"देव?" तुर्रेबाज म्हणाला. "देवाच्या हाताला एवढ्या भेगा असतात का?"

घास झाला. आता हाक. तुर्रेबाज राजाच्या खांद्यावर बसून आरवला, इतका की त्याचा तुरा काळानिळा झाला. राजानं नुसती मान खाजवली. आनसाबाईनं शिव्या दिल्या, ओव्या म्हटल्या, पोराला हाक मारतात तशी हाक मारली. काही नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि वर बघते तो छताला एक घंटा.

ती न्यायघंटा होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं येऊन वाजवायची. आणि टांगली होती सातव्या मजल्यावर, राजाच्या जेवणघरात! तिला आजवर कुणाचा हात लागला नव्हता. वापर नाही म्हणून ती वाढलीच नव्हती, जेमतेम भोपळ्याएवढी होती. पण घंटा राजवाड्याची होती, सोनकुसळीची नव्हती. तिच्यावर मुद्रा उठलेली नव्हती.

"मालकीणबाई," तुर्रेबाज सावकाश म्हणाला, "तुम्ही मनात आणताय ते मला कळलंय, आणि मला भीती वाटते."

"मलाही," आनसाबाई म्हणाली. चौरंगावर चढून तिनं घंटा उतरवली, आचाऱ्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि ठेका धरला. दोन जड, एक हलका, मग जरा थांबायचं.

काय सांगावं! राजाच्या हातून पेला गळाला. तो उठला. का उठला ते त्याला कळेना. त्यानं ताट उचललं, लोटी उचलली, उशी काखेत मारली. राणीनं केरसुणी घेतली आणि पोपटाचा पिंजरा घेतला. प्रधान पातेलं डोक्यावर घेऊन जिना उतरू लागला. हत्ती साखळी तोडून, घोडे दावं तोडून, दासी, भाट, वैद्य, पुजारी, तबेल्यातलं मांजर, सगळे रांगेनं बाहेर. दारं सताड उघडी.

"आपण कुठं चाललोय?" राजानं विचारलं.

"ठाऊक नाही महाराज," पातेल्याखालून प्रधान म्हणाला. "पण थांबवत नाही."

पुढं एक घंटा हवेत तरंगत वाजत होती आणि मागं अख्खा दरबार चालला होता. शहरातली माणसं तोंडावर हात ठेवून बघत राहिली. वेशीवर खेमानं खिडकीतून बघितलं आणि इतके दिवस मनापासून न हसलेला तो धनगर मुळं हलेपर्यंत हसला.

राजवाड्यात एकच माणूस उरला. कापूस घातलेला मेघांबर. तो आपला मांडीवर मुद्रा घेऊन बसला होता.

संध्याकाळच्या फेरीला घार निघाली. राजवाड्यावरून गेली तर काय? धूर नाही, हत्तीची सोंड नाही, दारं उघडी! मेघांबराच्या खिडकीशी घिरटी घालत ती ओरडली. त्यानं एका कानातला कापूस जरा सैल केला.

"खाली एक वाडा आहे, रिकामा. धूर नाही, माणूस नाही."

मेघांबरानं डोकं वर केलं नाही. कुठला वाडा, विचारलं नाही. घारीनं सांगितलं की मुद्रा उठवायची, अशी त्याच्या हाताला सवय. "निर्जन," तो म्हणाला. ठप्प.

आणि समोरच्या दिव्याची ज्योत डोलत राहिली, पण भिंतीवरचा उजेड गेला.  तो किंचाळला. ती किंचाळी खिडकीशी असलेल्या घारीलाही ऐकू गेली नाही, ती आपली पुढच्या फेरीला निघून गेली.

त्याच क्षणी, तिकडे ओढ्यापलीकडच्या माळावर, राजा जागीच थबकला. समोरच्या तरंगत्या घंटेखाली एक म्हातारी उगवली होती. एका हातात पळी, खांद्यावर कोंबडा, डोळ्यांत जाळ.

"तू कोण?" राजा म्हणाला.

"आता दिसले होय!" आनसाबाई म्हणाली. "मी निर्जन गावची बाई. आणि तुम्ही निर्जन वाड्याचे राजे. या, तुमच्याच जातीचे आहोत आम्ही आता."

राजानं खाली बघितलं. ओढ्याच्या त्या अंगाला गाव होतं. घारीनं सांगितलेलं रिकामं गाव. अंगणाअंगणात माणसं उभी होती, म्हाताऱ्या, पोरं, गाभण म्हशी, एक ओली बाळंतीण पदराखाली मूल घेतलेली. परक्या दारात वाळून जाण्यापेक्षा इथंच राहू, म्हणून कुणी गाव सोडलं नव्हतं. सगळी डोंगराच्या माथ्याकडे बघत होती. तिथं घागर होती. पूर्वेला आभाळ तांबूस झालं होतं.

"तिथं तर कुणी नाही, असं मला..." राजाचं वाक्य अर्धंच राहिलं. 

मग तो डोंगराकडे वळून गरजला, "थांब! ही राजाज्ञा आहे!"

घागर थांबली नाही. उगवत्या चंद्राबरोबर ती एका अंगाला कलायला लागली होती.

"ऐकत का नाही ती? ती फक्त माझं ऐकते!"

"राजाचं ऐकते," आनसाबाई म्हणाली. "तुम्ही आता कुठले? कुठलेच नाही."

राजानं पुन्हा आरोळी दिली. घागरीच्या पहाऱ्यावरून परतणारा एक शिपाई त्याच्या अंगाला घासून गेला आणि जांभई देत पुढं गेला. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाचा शब्द मातीत पडला. सुलक्षण राजा मटकन खाली बसला. "असं वाटतं होय?" तो म्हणाला.

"असंच वाटतं. उठा आता. घास झाला, हाक झाली. राहिली माती. खाली गावात या, अनवाणी. तेवढ्यानं मुद्रा फुटेल."

प्रधान पातेल्याखालून ओरडला, "महाराज, जाऊ नका! इथं माळावर आपण कोरडे आहोत. खाली गेलात आणि मुद्रा फुटली नाही तर?"

"तर बुडतील," आनसाबाई म्हणाली. "आमच्याबरोबर. मी ओढून नेणार नाही. ओढून नेलं तर चालत नाही."

ती वळली आणि आपल्या लेकीकडे, बुडणाऱ्या गावाकडे, उतारावरून चालू लागली. मागं वळून बघितलं नाही.

राजा कितीतरी वेळ, म्हणजे चंद्राची कड वर येईपर्यंत, तिच्या पाठीकडे बघत राहिला. घागरीच्या तोंडातून पहिली धार सुटली. डोंगरावरून पांढरं पाणी गरजत येऊ लागलं. खाली सुंदरानं बाळ डोक्यावर उचलून धरलं, जणू तेवढ्या उंचीनं ते वाचणार होतं.

राजानं जोडे काढले. मोजडी माळावर राहिली, उशी माळावर राहिली. सात मजल्यांचा तो माणूस ओढ्यात उतरला, घसरला, हातापायावर पडला, उठला आणि आनसाबाईच्या शेतात शिरला. भाताचं खाचर ते. पाय टाकला तो पोटरीपर्यंत आत. गार, काळी, चिकट माती.

"ही," तो म्हणाला, "ही मी खात होतो."

राजवाड्यात तडकन आवाज झाला. तथास्तु मुद्रा दुभंगली.

आणि मग आवाजच आवाज! तुर्रेबाज आरवला आणि डोंगरानं उत्तर दिलं. म्हशी हंबरल्या, कुत्री भुंकली, प्रत्येक चुलीतला अडकलेला धूर भस्सकन एकदमच वर निघाला. सुंदराच्या पोरानं असा टाहो फोडला की डोंगरापलीकडे येसू कासारणीच्या हातातली टोपली पडली.

राजा चिखलात उभा राहून ओरडला, "थांब!"

पाणी पहिल्या अंगणाच्या कडेला आलं होतं. तिथंच उभं राहिलं, एखाद्या गुणी म्हशीसारखं.

"आता हिला कुठं पाठवू?" राजानं विचारलं. ह्या वेळी घारीला नाही, आनसाबाईला.

"पाठवता कशाला? सोडा. तिला वाट ठाऊक आहे."

राजानं नदीला मोकळं केलं. ती आपल्या जुन्या पात्राकडे वळली, गोट्यांवरून खळाळत गावागावांतून राजधानीकडे निघाली. वाटेत म्हशी तिच्यात डुंबल्या. राजधानीनं ते उष्टं पाणी प्यायलं आणि कुणाला काही झालं नाही.

वेशीवर खेमाच्या पायांची मुळं गळून पडली. नक्षीच्या खिडकीतून उडी मारून तो मेंढरांच्या मागं पळाला. त्या रिकाम्या घरात राजानं मेघांबराला बसवलं. काम एवढंच, की वाटेनं येईल त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं. कापसाला बंदी.

राजा सोनकुसळीतच जेवला. आनसाबाईच्या ओट्यावर, पाय न धुता. भात पांढराशुभ्र दिसत होता.

"आजपासून," तो म्हणाला, "ज्या गावावर हुकूम निघायचा, त्या गावात आधी राजा जेवेल, बसून ऐकेल, चिखल तुडवेल. मग बोलेल."

"आणि गाव नको म्हणालं तर?" आनसाबाईनं विचारलं.

 प्रधानानं खाकरून काही सुचवायचा प्रयत्न केला.

"तर हुकूम निघायचा नाही," राजा म्हणाला.

"आता कसं! घ्या, तूप घ्या."

"पण आनसाबाई, पुढच्या पळणीत कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर नाव सांगाल का?"

"छे! रीत आहे ती. तुम्ही उतरून या, भाकरी खा. भाकरीवरून ओळखा."

मुद्रेचे दोन तुकडे झाले होते. एक राजानं न्यायघंटेशेजारी ठेवला, आणि घंटा आता वेशीवर टांगली, लहान पोराचा हात पोचेल इतकी खाली. दुसरा आनसाबाईनं मागून घेतला. तिच्या चुलीचा एक दगड डुगडुगत होता, त्याखाली सारला. चूल घट्ट बसली.

धूर बघून घार आली. घिरट्या घातल्या, लाजली, मग अंगणात उतरली. जमिनीवर चालायची सवय नाही, बदकासारखी चालत होती. तुर्रेबाजानं तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि बाजूला सरून जागा दिली. आनसाबाईनं तिच्यापुढं भाकरी टाकली, आमच्या पिलांना हात लावशील तर बघ, असं बजावून.

सुंदराचं पोर तिन्हीसांजेपासून जे रडायला लागलं ते थांबेना. पाळण्यातून, ओट्यावरून, गल्लीभर त्याचा आवाज. गावात कुणी त्याला गप्प कर म्हटलं नाही.

गाव दिसलं, नदी सुटली, गोष्ट इथं टेकली. ऐकणाऱ्यांच्या चुलीचा धूर वर जावो, आणि वरच्यांचे पाय खाली येवोत.